कोणत्या देशाकडून काय घेतलं? : तुलनाकार आंबेडकर वाचताना

छत्रपती संभाजीनगरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या वह्यांत एक तक्ता हमखास सापडतो. डावीकडे देशाचं नाव, उजवीकडे त्या देशाकडून आपल्या राज्यघटनेत काय आलं ते. ब्रिटन : संसदीय पद्धत. अमेरिका : मूलभूत हक्क. आयर्लंड : मार्गदर्शक तत्त्वं. कॅनडा : प्रबळ केंद्र असलेलं संघराज्य. ऑस्ट्रेलिया : समवर्ती सूची. जपान : कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती. फ्रान्स : स्वातंत्र्य, समता, बंधुता. एवढं पाठ केलं की एक-दोन गुण पक्के.

तक्ता अगदीच खोटा नाही. पण तोच व्हॉट्सॲपवर फिरायला लागला की त्याचा टोमणा होतो : सगळी घटना तर उसनी आहे, मग आंबेडकरांनी केलं काय? या टोमण्याला उत्तर देणारेही बहुतेक वेळा त्याच तक्त्यात अडकतात. ते म्हणतात, बाबासाहेबांनी जगातलं उत्तम ते सगळं निवडून आणलं. टोमणा मारणारा आणि हार घालणारा, दोघांच्याही मनात घटना म्हणजे बाजारहाट असते. एकाचं म्हणणं पिशवी दुसऱ्याची आहे, दुसऱ्याचं म्हणणं भाजी ताजी आहे.

मला या दोघांशीही भांडायचं आहे. वेगवेगळ्या देशांच्या घटना शेजारी शेजारी ठेवून त्यांचा अभ्यास करणं ही एक स्वतंत्र विद्याशाखा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे या शाखेतले आपल्याकडचे पहिल्या फळीचे अभ्यासक. तीस वर्षांहून जास्त काळ ते हे काम करत होते. पण त्यांच्या या कारकिर्दीचं मोजमाप ‘काय आणलं’ यावरून करता येत नाही. ते तुलना कशी करत, कुठे थबकले, कुठे चुकले, हे पाहावं लागतं. आणि ते पाहायला मराठवाड्याइतकी चांगली जागा नाही, असं माझं मत आहे. कारण पुढे येईल.

हिशेबापासून सुरुवात

आंबेडकर घटनेकडे आले ते अर्थशास्त्राच्या वाटेने. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या अभ्यासातून पुढे एक ग्रंथ तयार झाला, ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा. १९२५ साली तो लंडनहून प्रसिद्ध झाला आणि त्याला त्यांचे शिक्षक सेलिग्मन यांची प्रस्तावना होती. विषय ऐकायला कोरडा आहे. १८३३ सालापासून केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, याचा तो हिशेब आहे.

पण या हिशेबात एक प्रश्न लपलेला आहे. प्रांतांना स्वतःचं अंदाजपत्रक होतं, स्वतःची खाती होती. वरवर पाहिलं तर संघराज्य वाटावं अशी मांडणी. आंबेडकरांनी दाखवलं की दिसतं तसं ते नाही. प्रांतांकडे जे होतं ते केंद्राने सोपवलेलं होतं, त्यांच्या हक्काचं नव्हतं. जे सोपवलं जातं ते परतही घेतलं जातं.

तुलना करणाऱ्या अभ्यासकाची मूळ सवय इथेच दिसते. संस्थेच्या नावावर जायचं नाही. हा अधिकार कोणाचा, तो कोणी दिला आणि उद्या तो काढून घेता येईल का, हे विचारायचं. पुढची तीस वर्षं आंबेडकर वेगवेगळ्या देशांच्या घटनांना हाच प्रश्न विचारत राहिले. दरम्यान साउथबरो समितीपुढची साक्ष झाली, सायमन आयोगाच्या वेळचं स्वतंत्र निवेदन झालं, गोलमेज परिषदा झाल्या. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात त्यांनी शिकवलं आणि १९३५ ते १९३८ या काळात तिथे प्राचार्यपदही सांभाळलं. म्हणजे मसुदा समितीवर आला तेव्हा हा माणूस परक्या घटना पहिल्यांदा चाळत नव्हता. विद्यार्थ्यांना कायदा शिकवून आणि आयोगांपुढे वाद घालून तो तिथे पोचला होता.

औरंगाबादेतून दिसणारं संघराज्य

२९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आंबेडकरांनी एक व्याख्यान दिलं. विषय होता १९३५ च्या कायद्याने आणू घातलेलं संघराज्य. एका बाजूला ब्रिटिश भारतातले प्रांत आणि दुसऱ्या बाजूला संस्थानं, अशी ती योजना होती. व्याख्यानात अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंड असे दाखले येतात. पण ‘तिथेही संघराज्य आहे, इथेही होऊ दे’ असं म्हणण्यासाठी ते येत नाहीत. उलट हे त्या अर्थाने संघराज्यच नाही, हे दाखवायला येतात.

हे समजायला जरा त्या काळच्या औरंगाबादेत उभं राहून पाहू. शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. योजनेप्रमाणे संघाच्या विधानसभेत ३७५ पैकी १२५ जागा संस्थानांना आणि वरिष्ठ सभागृहात २६० पैकी १०४ जागा. या जागांवर माणसं बसवणार संस्थानिक. म्हणजे मुंबई प्रांतातल्या नगरचा माणूस निवडणुकीतून गेलेला प्रतिनिधी पाहणार, आणि गोदावरीच्या पलीकडचा औरंगाबादचा माणूस निजामाने नेमलेला. दोघं मिळून एक कायदा करणार, आणि तो दोघांच्याही प्रजेवर लागू होणार. शिवाय संस्थानिकाने सामील व्हायचं की नाही आणि किती विषयांपुरतं व्हायचं, हे ठरवणार तो स्वतःच. त्याच्या प्रजेला कोणी विचारणार नव्हतं.

अमेरिकेच्या घटनेत प्रत्येक राज्याला प्रजासत्ताक पद्धतीच्या सरकारची हमी दिलेली आहे. तिथे घटक एका जातीचे आहेत. इथे एक घटक लोकांना थोडाफार जबाबदार, तर दुसरा एका माणसाची मालमत्ता. दोन्हीकडे शब्द ‘संघराज्य’ हाच वापरायचा आणि तुलना पूर्ण झाली म्हणायचं, हे आंबेडकरांना मान्य नव्हतं. सुदैवाने ही योजना पुरेसे संस्थानिक न आल्याने आणि महायुद्ध सुरू झाल्याने बारगळली. औरंगाबादच्या माणसाला पुढे सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली, ती गोष्ट वेगळी.

पुढच्याच वर्षी पाकिस्तानच्या प्रश्नावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यात तुर्कस्तान आणि चेकोस्लोव्हाकिया यांचे दाखले आहेत. चेकोस्लोव्हाकिया तेव्हा नुकताच फुटलेला, म्हणजे तो इतिहास नव्हता, ताजी बातमी होती. १९४५ च्या आवृत्तीत फाळणीशिवाय एकत्र राहणाऱ्या देशांचाही विचार आहे : कॅनडा, दक्षिण आफ्रिका, स्वित्झर्लंड. एकाच पुस्तकात दोन्ही बाजूंचे दाखले देणारा लेखक आपल्याला आज गोंधळलेला वाटू शकतो. मला तो प्रामाणिक वाटतो. तुलनेतला सगळ्यात मोठा मोह म्हणजे आपल्याला सोयीचा देश तेवढा निवडणं. दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत हे रोज घडतं. एक जण सिंगापूर काढतो, दुसरा स्वीडन काढतो. गैरसोयीचा देश कोणीच काढत नाही.

अभ्यासक की वकील?

आता जरा अडचणीचा भाग.

१९४७ साली आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने एक निवेदन प्रसिद्ध केलं, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’. ते कलमांच्या रूपातच आहे, म्हणजे एक छोटी घटनाच. त्यात ब्रिटिश धर्तीच्या मंत्रिमंडळाला त्यांनी चक्क नकार दिला आहे. पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडावा, अल्पसंख्याकांचे मंत्रीही मतदानाने निवडले जावेत, आणि हे सरकार मुदतीआधी पाडता येऊ नये, अशी रचना त्यांनी सुचवली.

कारण काय? ब्रिटनमध्ये बहुमत हे राजकीय असतं. आज या पक्षाचं, उद्या त्या पक्षाचं. माणूस मत बदलतो आणि बहुमत बदलतं. भारतात बहुमत जन्मावरून ठरण्याची भीती आहे, आणि जन्म कोणाला बदलता येत नाही. मग ब्रिटिश पद्धत जशीच्या तशी आणली तर एकच समाज कायम सत्तेत राहील. हा युक्तिवाद तुलनेच्या अभ्यासाचा उत्तम नमुना आहे. संस्था तीच, पण तिच्याखालची जमीन वेगळी, म्हणून फळही वेगळं येणार.

आणि दीड-दोन वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, तेच आंबेडकर संविधान सभेत उभे राहून संसदीय पद्धतीचं समर्थन करतात. त्या भाषणातली तुलना आजही वर्गात शिकवली जाते. अमेरिकी अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. अमेरिकेत सरकारची परीक्षा ठरावीक मुदतीने होते, ब्रिटनमध्ये ती रोज होते आणि मुदतीनेही होते. दोन्ही पूर्णपणे एकत्र मिळत नाहीत, म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं.

मांडणी नितळ आहे. पण १९४७ मधली जन्मावरून ठरणाऱ्या बहुमताची चिंता या ठिकाणी कुठे गेली? या प्रश्नाला भाषणात उत्तर नाही. भक्त हा प्रश्न विचारत नाहीत आणि विरोधक एवढं वाचत नाहीत, म्हणून तो राहून जातो.

माझं उत्तर असं आहे. संसदीय पद्धतीचा निर्णय संविधान सभेच्या समित्यांत १९४७ च्या उन्हाळ्यातच झाला होता. मसुदा समिती नेमली गेली ती २९ ऑगस्ट १९४७ रोजी, त्यानंतर. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांचा प्राथमिक मसुदाही हाताशी होता. म्हणजे ४ नोव्हेंबरला आंबेडकर बोलत होते ते सभागृहाने आधीच ठरवलेल्या गोष्टीचे वकील म्हणून. वकील अशिलाची बाजू उत्तम मांडतो. ती त्याचं खासगी मत असतेच असं नाही. १९५३ साली राज्यसभेत त्यांनी चिडून सांगितलं की आपल्याला जे करायला सांगितलं गेलं ते आपण केलं, बरंचसं मनाविरुद्ध केलं, आणि ही घटना जाळायला पहिला आपण पुढे होऊ. हे विधान आज दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने फिरवतात. पण ते निघालं होतं अल्पसंख्याकांच्या संरक्षणावरून, आंध्र राज्याच्या विधेयकाच्या चर्चेत. म्हणजे १९४७ मधली ती चिंता गेली नव्हती. वकिलाने ती बाजूला ठेवली होती, अभ्यासकाने नाही.

म्हणून वाचकाला माझी पहिली सूचना : आंबेडकरांचं कुठलंही वाक्य वाचताना ते कोणत्या भूमिकेतून बोलत आहेत, ते आधी पाहा. पुस्तकातले आंबेडकर, निवेदनातले आंबेडकर आणि मसुदा मांडणारे आंबेडकर एकाच आवाजात बोलत नाहीत. त्याने ते लहान ठरत नाहीत. उलट त्यांचं काम किती अवघड होतं ते कळतं.

उत्तर न देणारं भाषण

सगळ्या कारकिर्दीतलं मला सर्वात आवडणारं भाषण गाजलेलं नाही. ते १३ डिसेंबर १९४८ चं. विषय होता आजच्या २१ व्या कलमाचा, म्हणजे माणसाचं जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य शासन कधी हिरावून घेऊ शकतं याचा.

दोन पर्याय होते. एक अमेरिकी. तिथे नुसता कायदा असून भागत नाही. तो कायदा न्याय्य आहे का, हे न्यायालय तपासू शकतं. याच आधारावर अमेरिकी न्यायालयांनी एके काळी कामगारांच्या हिताचे कायदे रद्द केले होते. बी. एन. राव अमेरिकेत जाऊन न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, तेव्हा त्यांनीही ही तरतूद घेऊ नका असाच सल्ला दिला. दुसरा पर्याय म्हणजे कायद्याने ठरवलेली पद्धत पाळली की झालं. हा शब्दप्रयोग जपानच्या युद्धोत्तर घटनेतला. गंमत अशी की ती घटना अमेरिकी लष्करी अंमलाखाली लिहिली गेली होती. तक्त्यातला ‘जपान’ हा असा फिरून आलेला आहे.

सभागृहात जोरदार वाद झाला. शेवटी आंबेडकर उठले आणि त्यांनी दोन्ही बाजूंची भीती मांडली. विधिमंडळावर सगळा विश्वास टाकला तर एखादा पक्ष बहुमताच्या जोरावर माणसांचे हक्क पायदळी तुडवेल. न्यायालयावर टाकला तर पाच-सहा न्यायाधीश आपापल्या समजुतीप्रमाणे लोकांनी केलेले कायदे मोडतील. दोन्ही धोके खरे. मग त्यांनी सरळ सांगितलं की निवड करणं अवघड आहे, आणि निर्णय सभागृहावर सोडला. सभागृहाने अमेरिकी पर्याय नाकारला.

विचार करा. मसुदा मांडणारा माणूस, ज्याच्याकडून सगळ्यांना ठाम उत्तराची अपेक्षा, तो म्हणतो की मला ठरवता येत नाही. आजच्या काळात, जिथे तीस सेकंदांच्या रीलमध्येही माणूस ‘एकमेव सत्य’ सांगतो, तिथे हे वाचायला विलक्षण वाटतं. पण तुलनेचा अभ्यास मनापासून केला की कधीकधी इथेच येऊन पोचतो. दोन देशांनी दोन वाटा धरल्या, दोघांनाही ठेच लागली. तिसऱ्याने यातून फक्त एवढंच शिकायचं असतं की ठेच कुठे लागते.

त्यांनी विषय तिथे सोडला नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी एक नवं कलम आणलं, आजचं २२ वं. अटक केलेल्या माणसाला कारण सांगायचं, वकील द्यायचा आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. आधी गमावलं त्याची ही भरपाई आहे, अशी त्यांची भूमिका होती.

इथे मात्र टीका केली पाहिजे. याच कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा होण्याआधीच माणसाला डांबून ठेवण्याला, घटनेत जागा दिली. भरपाईच्या पिशवीत एक धोंडाही आला. पुढची पंचवीस वर्षं निकाल नागरिकाच्या विरोधात जात राहिले. १९५० मध्ये ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ व्या कलमाचा अरुंद अर्थ लावला. १९७६ मध्ये आणीबाणीत तर स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचं दारही बंद झालं. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने सांगितलं की पद्धत न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे. संविधान सभेने दारातून परत पाठवलेला अमेरिकी विचार तीस वर्षांनी खिडकीतून आत आला. तक्ता पाठ करणाऱ्याला ही गोष्ट कधीच कळत नाही, कारण तक्त्यात फक्त काय आलं ते लिहिलेलं असतं. काय नाकारलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे लिहायला रकानाच नाही.

चार महाराष्ट्र आणि एक मराठवाडा

आंबेडकर चुकले का? हो. आणि चुकले तिथेही वाचण्यासारखे आहेत.

१९५५ च्या अखेरीस भाषावार राज्यांवरचं त्यांचं छोटं पुस्तक आलं. त्याआधी ऑक्टोबर १९४८ मध्ये दार आयोगापुढे त्यांनी मुंबईसह एकाच महाराष्ट्राची बाजू मांडली होती. आता ते म्हणतात, चार करा : मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. मत बदलल्याची कबुली त्यांनी स्वतःच दिली. मध्य महाराष्ट्रात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद यांच्यासोबत खानदेश, नाशिक, नगर आणि सोलापूरचा मराठी भाग होता.

सूत्र असं : एका राज्याची भाषा एकच असावी, पण एका भाषेचं राज्य एकच असलं पाहिजे असं नाही. पहिल्या अर्ध्या भागासाठी ते जुन्या ऑस्ट्रियन आणि तुर्की साम्राज्यांचा दाखला देतात, अनेक भाषा एका छताखाली कोंबल्या की काय होतं याचा. दुसऱ्या अर्ध्या भागाचं कारण मात्र परदेशात नाही, गावात आहे. भाषेचं मोठं राज्य झालं की त्यातली संख्येने मोठी जात राज्य करणार, आणि लहान जातींना कोणी वाली राहणार नाही. शिवाय मराठवाडा दोनशे वर्षं निजामाखाली राहिलेला, पाटबंधारे नाहीत, शाळा नाहीत. पुण्या-नाशिकच्या लोकांबरोबर एका शर्यतीत त्याला उभं केलं तर तो मागेच राहील, ही त्यांची भीती.

ही भीती ऐकीव नव्हती. जून १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. नागसेनवनाच्या कामासाठी ते इथे येत राहिले. इथल्या मुलांना शिकायला किती लांब जावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढे काय झालं? १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे बसायला १९८१ उजाडलं, आणि त्यालाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत आव्हान दिलं गेलं. अनुशेषाचा हिशेब करायला १९८४ मध्ये दांडेकर समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये केळकर समितीचा. वैधानिक विकास मंडळ आलं १९९४ मध्ये. म्हणजे रोग त्यांनी बरोबर ओळखला होता.

औषध मात्र शंकास्पद वाटतं. मुंबई वेगळी काढल्यावर मध्य महाराष्ट्राचे कालवे आणि महाविद्यालयं कोणाच्या पैशाने झाली असती? १९२५ मध्ये प्रांतांच्या पै-पैचा माग काढणाऱ्या अभ्यासकाने १९५५ मध्ये हा हिशेब तितक्या बारकाईने केलेला दिसत नाही. गरीब प्रदेशाला वेगळं राज्य दिलं म्हणजे त्याला पैसा मिळतोच असं नाही. आणि मध्य महाराष्ट्रातही संख्येने मोठी जात तीच राहिली असती. राज्य लहान केलं म्हणून गाव बदलत नाही.

पण उत्तरेकडे पाहिलं तर चित्र वेगळं आहे. उत्तर प्रदेश, बिहार आणि मध्य प्रदेश तोडा, हे त्यांनी त्याच पुस्तकात सुचवलं. बिहारच्या दुसऱ्या भागाची राजधानी त्यांनी रांची सांगितली होती. २००० साली झारखंड झालं, राजधानी रांची. त्याच वर्षी छत्तीसगड आणि आजचं उत्तराखंड झालं. २०१४ मध्ये तेलंगण झालं, आणि एका भाषेची दोन राज्यं ही कल्पना तेलुगू माणसांनी प्रत्यक्षात आणली. १९५५ मध्ये ज्यांना हे विचित्र वाटलं त्यांची नातवंडं या राज्यांचे रहिवासी आहेत.

पुतळ्याखालचा माणूस

मराठवाड्यात आंबेडकरांवर टीकात्मक लिहिणं सोपं नाही, आणि त्याला कारण आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ रोजी. दोन्ही सभागृहांचा ठराव अमलात यायला पंधरा वर्षांहून जास्त काळ गेला. ज्यांच्या घरच्यांनी या नावासाठी मार खाल्ला, त्यांच्यासमोर ‘बाबासाहेब इथे चुकले’ असं म्हणताना जपूनच बोललं पाहिजे.

पण नामांतराची हीच गोष्ट आंबेडकरांच्या अभ्यासाचा सगळ्यात जळजळीत पुरावाही आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं की राजकारणात समता आणि समाजात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत. वर ठराव होतो, खाली वस्ती जळते. संस्था वरची असते, जमीन खालची, आणि तुलना करताना जमीन विसरली की संस्थेचं नाव तेवढं उरतं. १९२५ पासून ते हेच तर सांगत होते. त्याच भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दलचा इशाराही आहे. तो त्यांच्या स्वतःच्या बाबतीत लागू नाही, असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही.

आणि तक्त्यातला तो शेवटचा रकाना, ‘फ्रान्स : स्वातंत्र्य, समता, बंधुता’? १९५४ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात आंबेडकरांनी सांगितलं की ही तीन तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली नाहीत, बुद्धाकडून घेतली. परीक्षेत असं लिहिलं तर गुण जातील. पण ज्याने ‘बंधुता’ हा शब्द घटनेच्या प्रास्ताविकेत आणण्यात पुढाकार घेतला, त्याचं म्हणणं एवढं आहे. संविधान सभेतही बौद्ध संघांच्या सभापद्धतीचा दाखला देऊन त्यांनी सांगितलं होतं की लोकशाहीची रीत या देशाला अगदीच परकी नाही. तुलना फक्त समुद्रापलीकडच्या देशांशी होत नाही, आपल्याच हरवलेल्या भूतकाळाशीही होते. ज्या शहराने आपल्या महाविद्यालयाला मिलिंद राजाचं आणि परिसराला नागसेनाचं नाव दिलं, त्या शहराला तरी हे वेगळं सांगायला नको.

या परंपरेत नंतरही माणसं झाली. पुण्यात सत्यरंजन साठे यांनी न्यायालयांच्या सक्रियतेवर मूलभूत काम केलं. आपल्या शहरात न्या. नरेंद्र चपळगावकर यांनी घटना आणि कायद्यावर मराठीत, साध्या माणसाला कळेल असं लिहिलं. ते आता नाहीत. संभाजीनगरात आता राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, खंडपीठ आहे, शेकडो तरुण वकील आहेत. पण घटनांची तुलना मराठीत करणारं लेखन किती आहे, हे बोटांवर मोजता येईल. हे काम इंग्रजीवर सोडून दिलं की मराठीत मागे उरतात ते तक्ता, टोमणा आणि हार.

म्हणून अभ्यासिकेतल्या मित्र-मैत्रिणींना एक सुचवतो. तक्ता फेकू नका, परीक्षा आहे. फक्त त्यात दोन रकाने वाढवा. एकात लिहा : त्या देशाकडचं काय नाकारलं आणि का. दुसऱ्यात लिहा : जे आणलं त्याचं इथे आल्यावर काय झालं. संविधान सभेच्या चर्चा इंटरनेटवर मोफत आहेत. १३ डिसेंबर १९४८ चं भाषण फोनवर वाचायला फार वेळ लागत नाही. तिथून सुरुवात करा. ज्यांचं नाव आपण दिवसातून दहा वेळा घेतो, त्यांना एखाद्या प्रश्नाचं उत्तर ठरवता आलं नव्हतं, हे वाचल्यावर ते दूर जात नाहीत. वर्गात आपल्या शेजारच्या बाकावर येऊन बसल्यासारखे वाटतात.